गुडघ्याचे ऑपरेशन आणि खर्चाचा हिशेब



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा त्यांची अपेक्षा आम्ही बचत किंवा कर्ज योजना यावर लिहावे अशी होती. आम्ही बँकेत लिपिक आहोत आणि पदवी कला शाखेची आहे. वैद्यकशास्त्राचे आमचे शिक्षण नाही. तरीही गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च हा विषय आम्ही निवडला, कारण तो रोज आमच्या खिडकीवर येऊन उभा राहतो.

पूर्वी मुदत ठेव मोडायला माणसे येत ती मुलीच्या लग्नासाठी, घराच्या डिपॉझिटसाठी, मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी. अलीकडे अर्ज हातात घेऊन कारण विचारले तर "आईचा गुडघा" हे उत्तर वारंवार मिळते. आपल्या मागच्या पिढीतील बायकांनी डोक्यावरून पाट्या वाहिल्या, सरकारी इमारतींचे जिने झाडले, चार चार मजले पाण्याचे हंडे चढवले. सत्तरीला आल्यावर त्या गुडघ्यांनी काम सोडले तर नवल नाही.

गेल्या वर्षी अशाच एक मावशी तीन लाखांची पावती मोडायला आल्या. मुदत पुरी व्हायला पाच महिने होते. आम्ही विचारले, "मावशी, डॉक्टरांनी किती सांगितले?" त्या म्हणाल्या, "अडीच-तीन लाख धरून चाला म्हणाले." "त्यात काय काय आले?" मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते नाही विचारलं दादा. डॉक्टरांना पैशाचं कसं विचारायचं?"

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहिला आहे. आपण भाजी घेताना चार दुकाने फिरतो. पण आयुष्यभराची शिल्लक जेथे एका आठवड्यात संपते तेथे विचारणे उद्धटपणाचे समजतो. वास्तविक गुडघा बदलणे ही तातडीची शस्त्रक्रिया क्वचितच असते. हृदयविकाराचा झटका आला तर विचारायला वेळ नसतो, गुडघ्याच्या बाबतीत आठवडे, कधी महिनेही हातात असतात. खर्च ज्या गोष्टींवर ठरतो त्यातील बऱ्याच या मोकळ्या वेळातच ठरतात. फक्त त्या आपल्याऐवजी दुसरा कोणीतरी ठरवतो.

प्रथम शस्त्रक्रियेत काय होते ते थोडक्यात पाहू. गुडघ्यात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांच्यामध्ये गुळगुळीत कूर्चा असते. संधिवातात ती झिजते, हाडावर हाड घासते, पाय बाहेरच्या बाजूस वाकतो. शस्त्रक्रियेत झिजलेली टोके कापून त्यावर धातूचे आवरण बसवतात व दोहोंच्या मध्ये उच्च प्रतीच्या पॉलिथिलीनची गादी ठेवतात. धातू बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो, काही वेळा टायटॅनियमचा. म्हणजे नेहमीच्या कृत्रिम गुडघ्याचे भाग चार: मांडीकडचा, नडगीकडचा, मधली गादी, आणि वाटीमागची चकती. ही चकती प्रत्येक रुग्णाला बसवतातच असे नाही. वाचकांनी हे चार भाग लक्षात ठेवावेत, पुढे बिलात ते लागतील.

या कृत्रिम सांध्याची किंमत पूर्वी बिलातील सर्वांत मोठी रक्कम असे. रुग्ण सांधा निवडत नाही, डॉक्टर निवडतात. विकत रुग्णालय घेते आणि पैसे रुग्ण भरतो. ज्याला पैसे भरायचे त्याला निवड नाही, आणि निवडणाऱ्याला पैसे भरायचे नाहीत, अशी ही बाजारपेठ. आयात करणारा, वितरक आणि रुग्णालय यांचा नफा एकावर एक चढून छापील किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट होई. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने तपासणी केली तेव्हा हा नफा सरासरी तीनशे टक्क्यांहून अधिक निघाला.

फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली होती. त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी, औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ मधील सार्वजनिक हिताच्या तरतुदीनुसार, गुडघ्याच्या सांध्यावरही मर्यादा घातली गेली. कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याची छापील किंमत तोवर सरासरी १,५८,३२४ रुपये होती, ती ५४,७२० वर आली. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसारख्या खास धातूचा गुडघा २,४९,२५१ वरून ७६,६०० वर, आणि पहिला सांधा निकामी झाल्यावर दुसऱ्यांदा बसवायचा गुडघा २,७६,८६९ वरून १,१३,९५० वर आला. वस्तू-सेवा कर यावर वेगळा. देशात त्या काळी वर्षाला एक ते दीड लाख गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया होतात, आणि या आदेशाने रुग्णांचे वर्षाला सुमारे दीड हजार कोटी रुपये वाचतील, असा सरकारचा अंदाज होता. आदेश सुरुवातीला एका वर्षाचा होता, पुढे त्याला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. शस्त्रक्रिया ठरली की त्या वेळी लागू असलेला आदेश प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. घरातील कॉलेजला जाणाऱ्या मुलाचे ते दहा मिनिटांचे काम आहे. खुब्याच्या सांध्याला अशी मर्यादा २०१७ च्या त्या आदेशात नव्हती, हेही नोंदवून ठेवावे.

या आदेशात एक बारकावा आहे, आणि आम्हा बँकवाल्यांना बारकावे आवडतात. मर्यादा पूर्ण गुडघ्यावर नाही, भागांवर आहे. ५४,७२० ची बेरीज अशी: मांडीकडचा भाग २४,०९०, नडगीकडचा १६,९९०, गादी ९,५५० आणि वाटीची चकती ४,०९०. याचा अर्थ चकती बसवली नसेल तर तिचे पैसे बिलात येता कामा नयेत. आमच्या आईच्या बिलात 'गुडघा संच' अशी एकच ओळ होती. कृत्रिम सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर कंपनीचे नाव, आकार आणि बॅच क्रमांक असलेली चिकटपट्टी असते, ती रुग्णाच्या कागदपत्रांत लावतात. आम्ही फाइल मागून पट्ट्या मोजल्या, त्या तीन निघाल्या. बिल विभागातील मुलीने वर विचारले, अर्ध्या तासाने नवे बिल दिले, त्यात कर धरून चार हजारांहून थोडी अधिक रक्कम कमी होती. कोणी भांडले नाही, कोणी माफीही मागितली नाही. आम्ही मोजले नसते तर तसेच गेले असते.

आता असे वाटेल की सांधा स्वस्त झाला म्हणजे शस्त्रक्रिया स्वस्त झाली. तसे पूर्णपणे झाले नाही. बिलाच्या उरलेल्या बऱ्याच भागांवर अशी मर्यादा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली. तेथे काही औषधे व एकदा वापरून टाकण्याच्या वस्तू यांवर सतराशे टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे आढळले. ती बिले गुडघ्यांची होती असे नाही, पण ग्लोव्हज, सिरिंज, सलाईनच्या नळ्या या वस्तू गुडघ्यालाही लागतात.

आणि आता खोलीकडे येऊ. सर्वांत जास्त फसगत येथेच होते, आणि ती आमचीही झाली.

साल २०१९. आईचे वय अडुसष्ट. आमच्या धाकट्या भावाच्या विम्यात आईचे नाव होते, विम्याची रक्कम चार लाख. रुग्णालयात नाव नोंदवताना विचारले, "जनरल, सेमी-प्रायव्हेट की सिंगल?" आईने नायगावच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्हा चार भावंडांना वाढवले. आयुष्यात एकदा तिला स्वतंत्र खोली मिळू दे, विमा आहेच, असे म्हणून आम्ही सिंगल रूमवर खूण केली. भाडे दिवसाला सहा हजार. पॉलिसीत मात्र खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला चार हजार होती. आमचा हिशेब सरळ होता: दोन हजार जास्त, पाच दिवस, दहा हजार रुपये पदरचे भरू.

विमा कंपनीचा हिशेब निराळा होता. तो विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण यात त्रैराशिकाखेरीज काही नाही. पॉलिसीतील अट अशी की रुग्णाने मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर खोलीशी जोडलेले सर्व खर्च त्याच प्रमाणात मंजूर होतील. सहा हजाराला चार हजार, म्हणजे दोन तृतीयांश. एक तृतीयांश आपण भरायचे. ढोबळ आकड्यांत आमचे बिल असे होते. खोली तीस हजार. सर्जन, त्यांचे सहाय्यक, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर व नर्सिंग मिळून एक लाख वीस हजार. सांधा त्रेपन्न हजार. औषधे व वापराच्या वस्तू छत्तीस हजार. तपासण्या नऊ हजार. एकूण दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. कात्री लागली ती खोलीत दहा हजार, सर्जन-थिएटर या मोठ्या रकमेत चाळीस हजार, औषधांत बारा आणि तपासण्यांत तीन हजार. पासष्ट हजार. त्याखेरीज विम्यात न बसणाऱ्या किरकोळ बाबींचे सात हजार. दहा हजारांची तयारी ठेवून गेलेल्या आम्हाला बहात्तर हजार भरावे लागले. आम्ही रोज व्याजाचे पडताळे घेणारे लोक, आणि स्वतःच्या आईच्या पॉलिसीचे चौथे पान वाचले नव्हते.

यात पुढे काही सुधारणा झाली. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये सूचना काढल्या. त्यानुसार औषधे व वापराच्या वस्तू, रोपणाचे साहित्य आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही. नव्या पॉलिसींना १ ऑक्टोबर २०२० पासून व जुन्यांना १ एप्रिल २०२१ नंतरच्या नूतनीकरणापासून हे लागू झाले. आज आमचेच बिल असते तर पंधरा हजार वाचले असते. पण सर्जन आणि थिएटरवरची चाळीस हजारांची कात्री तशीच राहिली असती.

दुसरी गोष्ट आम्हाला नंतर कळली. अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की केवळ भाडे बदलत नाही. तेच सर्जन, तेच थिएटर, तोच सांधा; पण जनरल वॉर्डच्या रुग्णाला सर्जनची फी एक आणि सिंगल रूमच्या रुग्णाला दुसरी. म्हणजे खोलीच्या चौकटीत केलेली खूण संपूर्ण बिलावर केलेली खूण असते. दिवसाला पाच हजारांवरील खोलीभाड्यावर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के वस्तू-सेवा करही आला आहे. अतिदक्षता विभाग त्यातून वगळलेला आहे.

विम्याबाबत आणखी एक इशारा. सांधेबदलासाठी बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षाकाळ असतो, कोठे दोन वर्षे, पूर्वी कोठे चार वर्षेही असे. २०२४ च्या नियमांनी तो तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. अपघाताने सांधा निकामी झाला असेल तर गोष्ट वेगळी. आईचा पाय वाकू लागल्यावर पॉलिसी घ्यायला धावण्यात अर्थ नसतो, हे खिडकीवर समजावून सांगताना आम्हाला फार वाईट वाटते.

'पॅकेज' या शब्दाविषयीही सावध असावे. पॅकेज म्हणजे सर्व काही असा आपला समज असतो. त्यात शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या आहेत का, हृदयतज्ज्ञांचा दाखला आहे का, रक्त लागले तर कोणाचे, औषधे किती रकमेपर्यंत, किती दिवसांचा मुक्काम, फिजिओथेरपीच्या किती बैठका, हे लिहून घ्यावे. ठरलेल्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्त राहावे लागले तर मीटर पुन्हा सुरू होते. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. ते कोठे लावले आहे असे विचारण्यात काही वावगे नाही.

हल्ली जाहिरातींत रोबोट आणि जास्त वाकणारा गुडघा यांचा बराच बोलबाला आहे. रोबोटच्या साहाय्याने सांधा अधिक अचूक बसवता येतो असे तज्ज्ञ सांगतात, आणि काही रुग्णालये त्याची वेगळी रक्कम लावतात. मात्र त्यामुळे सांधा जास्त वर्षे टिकतो याचा ठोस पुरावा अजून पुढे आलेला नाही. साधा सांधा मुळात कमी टिकतो असे नाही. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निरनिराळ्या देशांतील नोंदींचा अभ्यास छापून आला. त्यात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे पंचवीस वर्षे टिकल्याचे दिसले. नवे आणि महाग म्हणजे चांगले हा समज किती महागात पडतो याचे उदाहरण खुब्याच्या बाबतीत आहे. धातूवर धातू फिरणारा 'एएसआर' नावाचा खुबा मोठ्या अपेक्षेने बाजारात आला, आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीला तो जगभरातून परत घ्यावा लागला. भारतातही अनेकांना तो बसवलेला होता व नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला. जास्त पैसे मागणारा सांधा सुचवला तर "माझ्या वयाला, माझ्या कामाला याने काय फरक पडेल?" एवढे विचारावे. चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत.

रुग्णाची स्वतःची प्रकृतीही खर्च ठरवते, आणि याकडे आपले लक्ष फार कमी जाते. प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला शस्त्रक्रिया लागत नाही. वजन कमी करणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांनी कित्येकांची वर्षे निघतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे इष्ट. उलट, भीतीने फार लांबवले तर पाय इतका वाकतो, हाड इतके झिजते की साधा सांधा पुरत नाही. लांब दांडीचे, जास्तीचे भाग लागतात आणि त्यांची किंमत वेगळी होते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच शस्त्रक्रिया करावी, असे डॉक्टर सांगतात ते जंतुसंसर्गाच्या भीतीने. बसवलेल्या सांध्यात संसर्ग झाला तर अनेकदा तो काढून, औषधे देऊन, काही आठवड्यांनी दुसरा बसवावा लागतो. म्हणजे दोन शस्त्रक्रिया, आणि वर सांगितलेला, २०१७ च्या आदेशात १,१३,९५० ची मर्यादा असलेला सांधा. दोन्ही गुडघे एकाच वेळी केल्यास खोली, भूल, मुक्काम यांत बचत होते, सांधे मात्र दोन लागतात आणि शरीरावर ताणही जास्त पडतो. हा निर्णय पैशावरून घेऊ नये, हृदय व फुप्फुसे तपासून डॉक्टरांनीच घ्यावा.

यापुढचा भाग ज्यांच्याकडे मोडायला ठेवच नाही त्यांच्यासाठी आहे, आणि आपल्या वस्तीत असे लोक जास्त आहेत.

राज्यातील जीवनदायी योजना २०१२ साली प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२० साली तिच्या यादीत गुडघा व खुबा बदलाची भर पडली. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आणि सर्व शिधापत्रिकाधारक, मग पत्रिका पिवळी, केशरी वा पांढरी असो, असे तिचे स्वरूप झाले. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेचे वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून निघू लागले. योजनेत रुग्णालय असले तरी तेथे हीच शस्त्रक्रिया योजनेत होते असे मात्र नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर आधी विचारावे. पूर्वमंजुरी येण्याअगोदर पैसे भरून दाखल झाल्यास ते परत मिळवणे कठीण जाते. सरकारी व महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत अनुभवी हात आहेत, पण रांगही आहे. नाव लवकर नोंदवावे.

दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आहेत, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची आहे. गुडघ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की औषधे, वस्तू आणि सांधा यांचे बिल रुग्णालयाच्या खरेदी किमतीने करायचे असते. दुर्बल घटकातील रुग्णाने त्या बिलाची किमान निम्मी रक्कम द्यायची असते. म्हणजे येथे बाजारातील छापील किंमत लागू नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका लागते. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढली आहे, ती धर्मादाय कार्यालयात विचारावी. नोंदणीच्या खिडकीवर "खाटा भरल्या आहेत" असे उत्तर मिळाले तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे व तेथे अर्जाची पोच घ्यावी. तोंडी नकार आणि लेखी नकार यांत फार अंतर असते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

बिलाच्या बाहेरचा खर्च कोणी सांगत नाही, म्हणून तो आम्ही सांगतो. गुडघा बदलल्यावर उकिडवे बसता येत नाही. आमच्या चाळीत शौचालय मजल्यावर सामाईक, भांडे भारतीय पद्धतीचे, आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर कमोड वापरावा असे एका ओळीत लिहिले. त्या एका ओळीसाठी आम्ही तळमजल्यावर कमोड असलेली खोली तीन महिने भाड्याने घेतली, महिना बारा हजार. वॉकर, कमोडची खुर्ची, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट आणि पत्नीची बिनपगारी रजा हे निराळे. हिशेबाच्या वहीत हा आकडा विमा कंपनीच्या कात्रीएवढाच झाला. फिजिओथेरपीत काटकसर मात्र करू नये. त्या खोलीत आई रोज रडत व्यायाम करी, आणि म्हणूनच तिचा गुडघा आज नीट वाकतो.

ठेवीबद्दल आमच्या धंद्यातील दोन शब्द. ठेव मुदतीपूर्वी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात. मुदत संपायला थोडेच महिने असतील तर ठेवीवर कर्ज घेणे बरे पडते. ते साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत मिळते आणि त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक असतो. मंगळसूत्र गहाण ठेवणे किंवा खाजगी सावकार यांच्या आधी हा पर्याय विचारात घ्यावा. मावशींना आम्ही हेच सांगितले आणि एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले: खोली कोणती, सांधा कोणता व किती भागांचा, पॅकेजमध्ये काय नाही, किती दिवस, आणि धर्मादाय किंवा योजनेतील खाट आहे का. त्या आठवड्याने परत आल्या. त्यांचे रुग्णालय धर्मादाय निघाले. तीन वर्षे त्या तेथे दाखवत होत्या आणि त्यांना हे ठाऊक नव्हते. तहसील कार्यालयातून दाखला काढायला पंचवीस दिवस लागले. पावती मोडली नाही, तिच्यावर सत्तर हजारांचे कर्ज त्यांनी घेतले.

आमच्या आईचा दुसरा गुडघा आता करायचा आहे. या वेळी आम्ही दोन खाजगी रुग्णालयांकडून लेखी अंदाज घेतले. जनरल वॉर्ड, कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, तीन भाग. एकाचा आकडा २,३५,००० आणि दुसऱ्याचा १,६८,०००. सांध्याची ओळ दोन्हीकडे जवळपास सारखी आहे. सदुसष्ट हजारांचा फरक सर्जन, थिएटर, औषधे आणि एका दिवसाच्या मुक्कामाचा आहे. तिसरीकडे, योजनेतील रुग्णालयात, आईचे वय वंदना कार्ड दाखवून नाव नोंदवले आहे, आरोग्यमित्राने दोन महिने सांगितले आहेत. डॉक्टर म्हणतात, दोन महिन्यांनी बिघडणार नाही. आई तिन्ही कागद चष्मा लावून पाहते आणि म्हणते, पैशाचे तुम्ही बघा, पण आधी तळमजल्याची ती खोली मोकळी आहे का विचारून या.